जोडताऱ्यातला न दिसणारा जोडीदार ओळखायचा कसा?

शर्मिष्ठा_७ :

एकाच ताऱ्याच्या वर्णरेषा ठरावीक काळाने निळ्या बाजूला आणि मग तांबड्या बाजूला सरकतायत, पण दुसऱ्या ताऱ्याच्या रेषा कुठेच नाहीत. म्हणजे हा तारा कुणाभोवती तरी फिरतोय आणि तो 'कुणी' दिसत नाहीये. इथून 'तिथे कृष्णविवर आहे' या वाक्यापर्यंत जायला काय काय पुरावा लागतो, आणि त्यातला कुठला दुवा सगळ्यात कच्चा असतो, यावर तपशिलात बोलण्यासाठी हा धागा.

कल्पना जुनी आहे. व्याध आणि प्रश्वा हे आकाशात सरळ रेषेत सरकत नाहीत, किंचित नागमोडी जातात, हे बेसेलने १८४४ मध्ये सांगितलं आणि दोघांनाही न दिसणारे जोडीदार असणार असा निष्कर्ष काढला. व्याधाचा जोडीदार ३१ जानेवारी १८६२ ला अल्वन ग्रॅहम क्लार्कला साडेअठरा इंची भिंगातून दिसला. प्रश्वाचा दिसायला १८९६ साल उजाडलं. दोन्ही श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले छोटे, दाट गाभे. वजन आधी कळलं, प्रकाश नंतर दिसला. आजही क्रम हाच असतो, फक्त काही जोडीदारांच्या बाबतीत दुसरी पायरी कधीच येणार नसते.

आता हिशोब. वर्णपटातून तीन गोष्टी मिळतात: कक्षेचा काळ 'पी' (दिवसांत), वेगाच्या चढउताराची अर्धी उंची 'के' (किमी प्रति सेकंद) आणि कक्षेची उत्केंद्रता 'ई' (कक्षा किती लांबट आहे ते; वर्तुळासाठी ०). यावरून वस्तुमान फलन निघतं:

फलन = (१.०३६ ÷ १ कोटी) × के चा घन × पी × (१ − ई चा वर्ग) चा दीडावा घात

उत्तर थेट सौरवस्तुमानात येतं. आणि हेच फलन म्हणजे (जोडीदाराचं वस्तुमान × कलाची ज्या, म्हणजे साइन) याचा घन, भागिले दोघांच्या एकूण वस्तुमानाचा वर्ग. कल म्हणजे कक्षेची पातळी आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात असलेल्या पातळीपासून किती तिरकी आहे तो कोन. ९० अंश म्हणजे कक्षा कडेवरून दिसते, ० अंश म्हणजे वरून.

एक उदाहरण घेऊ, पुढे सगळ्यांना वापरता येईल. सूर्यासारखा १ सौरवस्तुमानाचा तारा, पी ३० दिवस, के ४०, कक्षा वर्तुळाकार. फलन येतं ०.१९९. समीकरण सोडवलं की:

कल ९० अंश : जोडीदार ०.९ सौरवस्तुमान
कल ६० अंश : १.१
कल ४५ अंश : १.५
कल ३० अंश : २.९

मोजमाप तेच, वर्णपट तोच, आणि उत्तर श्वेतबटूपासून कृष्णविवराच्या उंबरठ्यापर्यंत कुठेही. कक्षा यदृच्छया वळलेल्या असतील तर कल ६० पेक्षा जास्त असण्याची शक्यता ५० टक्के, ३० पेक्षा कमी असण्याची १३ टक्के. पण हजारो ताऱ्यांच्या यादीतून 'सगळ्यात वजनदार' म्हणून एक उचलला, तर ही टक्केवारी त्याला लागू पडत नाही, कारण निवडच तिरकी झालेली असते. हे फार वेळा विसरलं जातं.


वर्णरेषा :

चांगली सुरुवात. फलनाबद्दल एक गोष्ट ठळक करतो: फलन हीच जोडीदाराच्या वस्तुमानाची तळमर्यादा असते. दिसणाऱ्या ताऱ्याचं वस्तुमान शून्य धरा, कक्षा अगदी कडेवरून धरा, तरी जोडीदार फलनापेक्षा हलका असू शकत नाही. म्हणून व्ही४०४ सिग्नी ही जोडी इतकं भक्कम उदाहरण आहे. पी ६.४७ दिवस, के २०८.५, फलन ६.०८. दिसणाऱ्या ताऱ्याबद्दल काहीही माहीत नसलं तरी जोडीदार ६ सौरवस्तुमानाच्या वर, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या कमाल मर्यादेच्या फार पुढे. १९९२ मध्ये पहिलं मोजमाप आलं, त्यातही फलन ६ च्या वर, तेव्हाच वाद घालायला जागाच उरली नाही. फलन ३ च्या वर असेल तर निम्मं काम झालं. फलन १ च्या आसपास असेल तर सगळी इमारत गृहीतकांवर उभी असते.

आता वेग मोजताना काय बिघडतं ते.

पहिली चूक वेळेची. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने जाते. ही दुरुस्ती केली नाही किंवा उलट्या चिन्हाने केली तर बरोबर एक वर्षाच्या काळाची खोटी कक्षा मिळते. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने विषुववृत्तावर आणखी ०.४६ किमी. दुरुस्ती उघडकाळाच्या (कॅमेरा प्रकाश घेतो त्या वेळेच्या) मध्याला करायची, सुरुवातीला नाही. मध्येच ढग आले असतील तर प्रकाशाचा भारित मध्य घ्यायचा.

दुसरी चूक उघडकाळाची. शृंगाश्व तारकासमूहातल्या ए०६२०-०० या जोडीचा काळ ७.७५ तास आणि के सुमारे ४३५. युतीच्या वेळी (एक जण दुसऱ्यासमोर येतो तेव्हा) त्याचा वेग मिनिटाला जवळजवळ ६ किमी प्रति सेकंद इतका बदलतो. २० मिनिटांचा उघडकाळ घेतला तर रेषा १२० किमी प्रति सेकंद एवढी फासली जाते आणि के थोडा कमी येतो. के चा घन घ्यायचा असल्यामुळे १० टक्के कमी के म्हणजे २७ टक्के कमी फलन. उघडकाळ कक्षेच्या काळाच्या मानाने जमेल तितका कमी ठेवावा.

तिसरी, वर्णपटमापक वाकतो. दुर्बीण फिरते तशी स्लिटपासून कॅमेऱ्यापर्यंतची चौकट काही मायक्रॉन लवते. म्हणून दिव्याचा वर्णपट ताऱ्याच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे घ्यायचा आणि मधल्या वेळेसाठी प्रमाणात वाटून घ्यायचा. शिवाय ६८७० अँगस्ट्रॉमजवळचा वातावरणातल्या ऑक्सिजनचा पट्टा ही फुकटची पट्टी आहे. पृथ्वीच्या चौकटीत तो हलता कामा नये. तो हलला तर दोष यंत्रात आहे, ताऱ्यात नाही.

चौथी, एक दिवसाचं उपनाम, म्हणजे खऱ्या काळासारखाच दिसणारा खोटा काळ. रोज रात्री एकाच वेळी मोजलं तर ०.३२३ दिवसाचा काळ आणि ०.४७७ दिवसाचा काळ यांत फरक करता येत नाही, कारण दिवसाला ३.१ फेऱ्या आणि २.१ फेऱ्या सारख्याच दिसतात. उपाय एकच: त्याच रात्री सुरुवातीला आणि शेवटी मोजा, किंवा वेगळ्या रेखांशावरच्या कुणाबरोबर तरी वाटून घ्या.

वर्णपटमापकाची विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) १० हजार असेल तर एक विभेदन-घटक ३० किमी प्रति सेकंदाचा पडतो. पण शेकडो रेषा एकत्र घेऊन सहसंबंध काढला (नमुन्याच्या वर्णपटाशी जुळवून पाहिलं) की सूर्यासारख्या ताऱ्यासाठी १ किमीच्या आसपास अचूकता मिळते. उष्ण, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांना मात्र मोजक्या आणि रुंद रेषा असतात. तिथे ती अचूकता विसरायची.


अभिजित१४ :

शर्मिष्ठा, तुमच्या उदाहरणात ९० अंशाला जोडीदार ०.९ सौरवस्तुमानाचा निघतो. तो साधा तारा असायला काय हरकत आहे? 'दिसत नाही' म्हणजे काळोखाच असं कशावरून? नुसता मंद असू शकतो.


वर्णरेषा :

नेमका हाच प्रश्न आधी विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. मुख्य क्रमातल्या (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या, सूर्यासारख्या) ताऱ्याची तेजस्विता ढोबळमानाने वस्तुमानाच्या चौथ्या घातात जाते. ०.९ चा चौथा घात ०.६६. म्हणजे जोडीदार मुख्य ताऱ्याच्या दोन तृतीयांश तेजाचा असता. त्याचा वेग उलट दिशेने ४४ किमी, म्हणजे दोघांच्या रेषांत कमाल अंतर ८४ किमी प्रति सेकंद. १० हजारांच्या विभेदनक्षमतेवर हे दोन रेषासंच ढळढळीत वेगळे दिसले असते. ते दिसत नाहीत, म्हणजे तिथे साधा एकटा तारा नाही. कल कमी धरला तर जोडीदार आणखी वजनदार, म्हणजे आणखी तेजस्वी व्हायला हवा. पेच वाढतोच.

पण हे विधान करायचं असेल तर मर्यादा मोजून दाखवावी लागते. 'रेषा दिसली नाही' एवढं पुरत नाही. पद्धत अशी: आपल्याच वर्णपटात ०.९ सौरवस्तुमानाच्या ताऱ्याचा कृत्रिम वर्णपट ठरलेल्या वेगाने मिसळा, आधी ५० टक्के तेजाने, मग २०, १०, ५, २. दरवेळी द्विमितीय सहसंबंध चालवा. १९९४ ची झुकर आणि माझेह यांची टॉडकॉर पद्धत याचसाठी आहे. ज्या टक्क्याला कृत्रिम जोडीदार सापडेनासा होतो, ती तुमची मर्यादा. हेच पुन्हा करा, पण या वेळी कृत्रिम जोडीदाराला स्वतःभोवती फिरण्याचा वेग १०० आणि २०० किमी द्या. तेव्हा मर्यादा किती ढासळते ते पाहून धक्का बसतो. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या रेषा इतक्या पसरतात की त्या पार्श्वभूमीत मिसळून जातात. अलीकडच्या बहुतेक 'कृष्णविवरांचा' घात इथेच झाला.


दीर्घवर्तुळ :

आणि एक पळवाट राहतेच. ०.९ चा एक तारा नाही, तर ०.४५ चे दोन तारे, एकमेकांभोवती काही दिवसांत फिरणारे. ०.४५ चा चौथा घात ०.०४. दोघे मिळून ८ टक्के, आणि त्यांच्या रेषा स्वतःच्या कक्षेमुळे दर रात्री वेगळ्या जागी. बाहेरची कक्षा ३० दिवसांची असल्यावर आतली ४-५ दिवसांची किंवा लहान असली तर त्रिकूट टिकून राहतं. म्हणजे तुमच्या उदाहरणाच्या ताऱ्याला श्वेतबटू म्हणण्याआधी ही शक्यता निकालात काढावी लागेल. अवरक्तात बघायचं. लाल बटू २ मायक्रॉनजवळ मुख्य ताऱ्याच्या तुलनेत बरेच वर येतात.

पळवाटेला छत मात्र आहे. दोन्ही आतले तारे मुख्य ताऱ्यापेक्षा मंद हवेत, त्यामुळे एकूण वस्तुमान मुख्य ताऱ्याच्या दीडपटीच्या पुढे गेलं की लपणं अशक्य होत जातं. १ सौरवस्तुमानाच्या ताऱ्याभोवती ५ चं काही निघालं तर त्रिकूटाचा प्रश्नच येत नाही.


शर्मिष्ठा_७ :

हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता, धन्यवाद. आता 'मुख्य ताऱ्याचं वस्तुमान' या कच्च्या दुव्याकडे येऊ. एलबी-१ या जोडीतल्या 'कृष्णविवरा'चं कुणी नीट उलगडून सांगेल का?


वर्णरेषा :

सांगतो, कारण त्यातून सगळ्यात जास्त शिकता येतं.

नोव्हेंबर २०१९: ७८.९ दिवसांची कक्षा, निळसर बी वर्गाचा तारा, के ५२.८. जोडीदार सुमारे ७० सौरवस्तुमानाचं कृष्णविवर, असा दावा. फलन काढून पाहा: फक्त १.२. मग ७० कुठून आले? दोन ठिकाणांहून. एक, बी वर्गाचा तारा म्हणजे ८ सौरवस्तुमानाचा असणार हे गृहीतक. दोन, हायड्रोजन-आल्फाची रुंद उत्सर्जन रेषा उलट दिशेने ६.४ किमीने डुलत होती. ती कृष्णविवराभोवतालच्या चकतीची समजली गेली. ५२.८ भागिले ६.४ म्हणजे सव्वाआठपट. ८ गुणिले सव्वाआठ, झाले साठ-सत्तर.

दोन्ही पाय निसटले. बी ताऱ्याची स्वतःची शोषण रेषा त्या उत्सर्जन रेषेच्या पोटात मागेपुढे सरकत होती. ती डावीकडे गेली की उत्सर्जनाची डावी बाजू कोरली जाते आणि मोजणाऱ्याला वाटतं की उत्सर्जन उजवीकडे सरकलं. स्थिर रेषाही अशी डुलताना दिसते, तीही नेमकी उलट्या दिशेने. हे २०२० च्या सुरुवातीलाच दाखवलं गेलं. मग वर्णपटांची उकल केली, म्हणजे एकात मिसळलेले दोन वर्णपट गणिताने वेगळे केले, तेव्हा दुसरा ताराच सापडला: वेगाने फिरणारा, रुंद रेषांचा बीई वर्गाचा (भोवती वायूची चकती असलेला) तारा, आणि उत्सर्जन त्याच्या चकतीचं. पहिला 'बी तारा' ८ सौरवस्तुमानाचा नव्हताच. त्याचं बाहेरचं आवरण जोडीदाराने ओढून घेतलं होतं आणि उरलेला फुगीर, उष्ण गाभा नेहमीच्या बी ताऱ्याचं रूप घेऊन बसला होता.

एचआर ६८१९ ची गोष्ट तशीच. ४०.३ दिवस, फलन ०.९६, मे २०२० मध्ये 'सर्वात जवळचं कृष्णविवर' म्हणून जाहीर. २०२२ मध्ये व्हीएलटी दुर्बिणींच्या व्यतिकरणमापकाने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या यंत्राने) तिथे एकमेकांपासून सुमारे १ मिलिआर्कसेकंदावर दोन तारे थेट वेगळे दाखवले. ओरबाडलेला तारा एका सौरवस्तुमानाहून बराच हलका, जोडीदार बीई तारा. व्ही७२३ मोनोसेरोटिसमधला दिसणारा तारा लाल राक्षसी, पण ओरबाडलेल्या ताऱ्याचा प्रकार तिथेही तोच.

मग ओरबाडलेला तारा ओळखायचा कसा? पृष्ठीय गुरुत्व पाहा. त्रिज्या ताऱ्याचं अंतर आणि एकूण प्रकाश यावरून मिळते, गुरुत्व रेषांच्या रुंदीवरून. दोन्हींतून वस्तुमान निघतं, उत्क्रांतीच्या तक्त्यांची गरजच नाही. तक्त्यातलं वस्तुमान ८ आणि हे वस्तुमान १ आलं तर काय घडलंय ते कळलंच. दुसरी खूण रसायनाची: नायट्रोजन जास्त, कार्बन कमी. आतला, शिजलेला थर उघडा पडल्याची ती निशाणी. तिसरी, बीई ताऱ्यासारखी उत्सर्जन रेषा दिसली तर ती चकती कुणाची, हे ठरल्याशिवाय पुढे जायचंच नाही.


अभिजित१४ :

म्हणजे उकल करणं ही आता अटच झाली म्हणायची. त्या कसोटीला उतरलेलं एखादं?


वर्णरेषा :

व्हीएफटीएस २४३, मोठ्या मॅगेलनी मेघातलं, २०२२. सुमारे २५ सौरवस्तुमानाचा ओ वर्गाचा तारा, १०.४ दिवसांची जवळजवळ वर्तुळाकार कक्षा, जोडीदार किमान ९ सौरवस्तुमानाचा. उकल करून पाहिली, दुसऱ्या ताऱ्याचा अंश सापडला नाही. हे काम करणाऱ्या गटातल्या काहींनी आधी असेच बरेच दावे खोडून काढले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला माझ्या लेखी वजन आहे.

उकल करायला कक्षेच्या वेगवेगळ्या कलांवरचे (म्हणजे फेरीतल्या टप्प्यांवरचे) निदान १०-१५ चांगले वर्णपट लागतात, आणि त्यातले काही दोन्ही टोकांच्या वेगांजवळचे. सगळे वर्णपट एकाच कलेजवळचे असले तर गणित उत्तर देतं, पण ते उत्तर खोटं असू शकतं. शिवाय सातत्यरेषेची (रेषांखालच्या सलग प्रकाशाची) पातळी लावताना झालेली अर्ध्या टक्क्याची चूकही उकललेल्या दुसऱ्या वर्णपटात रुंद लाटा निर्माण करते. त्या लाटा फिरत्या ताऱ्याच्या रेषांसारख्याच दिसतात.


दीर्घवर्तुळ :

आता कल. वर्णपट तो देत नाही, पण आकाशातली जागा देते. म्हणून ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाने हे क्षेत्र बदलून टाकलं. १३ जून २०२२ च्या तिसऱ्या संचात ८ लाखांहून जास्त जोडताऱ्यांची उत्तरं होती.

शर्मिष्ठा यांच्याच ताऱ्यावर लावून पाहू. के ४० आणि पी ३० यावरून कक्षेची त्रिज्या गुणिले कलाची ज्या ही ०.११ खगोलीय एकक येते, पक्की. आता तारा १०० पार्सेकवर असेल तर कडेवरून दिसणाऱ्या कक्षेसाठी आकाशातलं डोलणं १.१ मिलिआर्कसेकंद, आणि कल ३० अंश असेल तर २.२. म्हणजे डोलणं मोजलं की कल हातात. ०.९ की २.९ हा सगळा घोळ एका मोजमापाने सुटतो.

पण गाया जे मोजतो ते ताऱ्याचं नाही, प्रकाशमध्याचं (दोघांच्या एकत्र प्रकाशाच्या केंद्राचं) डोलणं. जोडीदार काळोखा असेल तरच दोन्ही एक. जोडीदार चमकत असेल तर प्रकाशमध्य त्याच्याकडे ओढला जातो आणि डोलणं आक्रसतं. अगदी सारख्या जुळ्या ताऱ्यांत ते शून्य होतं. यातूनच एक सुंदर कसोटी निघते. डोलण्याचा कोन भागिले पराशय (पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यामुळे तारा हललेला दिसतो तो कोन), भागिले मुख्य ताऱ्याच्या वस्तुमानाचं घनमूळ, भागिले काळाचा (वर्षांत) दोन-तृतीयांश घात. काळोख्या जोडीदारासाठी ही संख्या फक्त वस्तुमानांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. मुख्य क्रमातला साधा जोडीदार, तेजस्विता चौथ्या घातात धरली तर, तिला साधारण एक तृतीयांशाच्या वर जाऊच देत नाही. मुख्य ताऱ्याइतकाच वजनदार पण काळोखा जोडीदार असेल तर ०.६३. आणि गाया बीएच१ साठी, ९.६ सौरवस्तुमान, १८५.६ दिवस, ती २.०५ येते. गर्दीतून इतकी बाहेर की डोळ्यांत भरते.

गाया बीएच१ तिथेच सोडून दिलं नव्हतं हेही महत्त्वाचं. भुजंगधारीत, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर, सूर्यासारखा तारा. जमिनीवरून वेग मोजले: के सुमारे ६७, उत्केंद्रता ०.४५, फलन ४ च्या किंचित वर. दोन स्वतंत्र मोजमापं एकाच कक्षेवर येऊन मिळाली तेव्हाच ते पक्कं झालं. गाया बीएच३ तर ३३ सौरवस्तुमानाचं, ११.६ वर्षांच्या कक्षेतलं, एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं.

यादी चाळणाऱ्यांसाठी: आरयूडब्ल्यूई (एकट्या ताऱ्याचं गणित किती बसतं ते सांगणारा गायाचा आकडा) १.४ च्या वर म्हणजे 'एकट्या ताऱ्याचं गणित बसत नाही', एवढंच. एका आर्कसेकंदाच्या आत दुसरा तारा असला तरी तो आकडा फुगतो. काळ एक वर्षाच्या जवळ असेल तर फार जपून, कारण पराशयाचं डोलणंही वर्षभराचं असतं आणि दोन्हींची सरमिसळ होते. कक्षेचा काळ निरीक्षणांच्या एकूण अवधीपेक्षा मोठा असेल तर वस्तुमानावर भरवसा ठेवू नये.


पिधानवेळ :

इथे वर्णपट आणि स्थानमापन यांचंच राज्य चाललंय. प्रकाशमापनही घ्या, लहान दुर्बिणीवाल्यांना तेच परवडतं.

जवळच्या जोडीत जोडीदाराच्या ओढीने तारा अंड्यासारखा ताणला जातो. कडेने दिसतो तेव्हा तेजस्वी, टोकाने दिसतो तेव्हा मंद. एका फेरीत दोन चढ, दोन उतार. नेहमीची चूक: वारंवारिता शोधणारा प्रोग्राम अर्धा काळ देतो. दुप्पट काळावर घडी घालून दोन्ही उतार असमान आहेत का ते पाहायचं. चढउताराची उंची वस्तुमानाच्या गुणोत्तरावर, त्रिज्या भागिले अंतर याच्या घनावर आणि कलाच्या ज्येच्या वर्गावर जाते. म्हणून ७-८ तासांच्या जोडीत ती प्रतीच्या (तेज मोजायच्या एककाच्या) दशांशांत मोजता येते, आणि शर्मिष्ठांच्या ३० दिवसांच्या जोडीत, जिथे अंतर त्रिज्येच्या ५० पट आहे, ती काही दशलक्षांश भागच उरते. तिथे या वाटेने जाऊ नये.

डागांनीही असाच चढउतार होतो. फरक ओळखायचा तर वेगाच्या वक्राशी जुळवा: ताणामुळे आलेले उतार नेहमी युतीच्या क्षणीच, वर्षानुवर्षे. डाग काही महिन्यांत सरकतात.

यातली धोक्याची जागा: चकतीचा किंवा शेजाऱ्याचा जादा प्रकाश मिसळला तर चढउतार लहान दिसतो, लहान चढउतार म्हणजे कमी कल असं वाटतं, आणि कमी कल म्हणजे जास्त वस्तुमान. चूक नेहमी 'अधिक रोमांचक' बाजूलाच जाते.


अभिजित१४ :

पिधानांच्या (एक तारा दुसऱ्याला झाकतो त्या) वेळांवरून तिसरा तारा शोधतात त्यावरही लिहा ना. त्यात अदृश्य जोडीदार फार मिळतात.


पिधानवेळ :

पिधानकारी जोडी स्वतः तिसऱ्याभोवती फिरत असेल तर कधी आपल्या जवळ येते, कधी दूर जाते. पिधानाची वेळ तेवढी लवकर किंवा उशिरा. १ खगोलीय एकक म्हणजे ४९९ सेकंद. अपेक्षित वेळेपेक्षा फरकाचा आलेख काढला की लाट दिसते. लाटेची अर्धी उंची दिवसांत घेऊन १७३.१४ ने गुणा, घन करा, काळाच्या (वर्षांत) वर्गाने भागा, तिसऱ्याचं वस्तुमान फलन मिळतं.

उदाहरण: अर्धी उंची ०.००५ दिवस, म्हणजे ७.२ मिनिटं, काळ १० वर्षं. फलन ०.००६५. जोडीचं एकूण वस्तुमान २ असेल तर तिसरा किमान ०.३३ सौरवस्तुमान. बहुधा लाल बटू.

बिघडतं कुठे? पहिलं, घड्याळ. जुन्या नोंदी सूर्यकेंद्री वेळेत, नव्या सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या वेळेत. त्यात ४ सेकंदांपर्यंत फरक. आणि समन्वित वेळ व गतिकीय वेळ यांत सध्या ६९ सेकंदांचा. एका आलेखात दोन्ही मिसळल्या तर मध्येच पायरी पडते आणि तिला लोक 'तिसरा तारा' म्हणतात. दुसरं, कक्षेच्या अक्षाचं फिरणं. त्यात मुख्य आणि दुय्यम पिधानं उलट दिशांनी सरकतात. तिसऱ्या ताऱ्यामुळे दोन्ही एकाच दिशेने. म्हणून दुय्यम पिधानंही मोजावीच, ती उथळ असली तरी. तिसरं, वस्तुमानाची देवघेव: तिचा आलेख लाट नसून वक्र चढ असतो, पण २०-३० वर्षांचा तुकडाच हातात असला तर दोन्ही सारखे दिसतात. चौथं, ताऱ्याच्या चुंबकीय चक्राने होणारा काळाचा बदल. तो चक्रासारखाच पण काटेकोर नियमित नसतो. निदान दोन पूर्ण फेऱ्या सारख्या दिसल्याशिवाय तिसरा जाहीर करू नये, असं माझं ठाम मत आहे.


दीर्घवर्तुळ :

श्वेतबटू ओळखायच्या वाटा राहिल्या, त्या थोडक्यात. तरुण श्वेतबटू २० हजार अंशांचा असेल तर दूर-अतिनीलात सूर्यासारख्या ताऱ्याला मागे टाकतो. गॅलेक्स उपग्रहाच्या नोंदी त्यासाठी अजून उपयोगी पडतात. पण चुंबकीयदृष्ट्या चळवळ्या ताऱ्यांनाही अतिनीलाची थोडी वाढ असते, आणि काही अब्ज वर्षांत थंडावलेला श्वेतबटू तिथेही दिसत नाही. दुसरी वाट बेरियमची. राक्षसी ताऱ्यात बेरियम जास्त असेल तर ते त्याने स्वतः बनवलेलं नाही, जोडीदाराने त्याच्या शेवटच्या टप्प्यात ओतलेलं आहे. जोडीदार गेला, श्वेतबटू उरला.

आणि क्वचित मिळणारी देणगी: केओआय-३२७८. तिथे श्वेतबटू ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश कमी होण्याऐवजी सुमारे हजारांश भागाने वाढतो, पाच तास, दर ८८.१८ दिवसांनी. गुरुत्वीय भिंग. २०१४ मध्ये केप्लरच्या नोंदींतून सापडलं. खळगे शोधणारे प्रोग्राम उंचवटे फेकून देतात, म्हणून असे आणखी किती निसटले असतील कोण जाणे.


शर्मिष्ठा_७ :

मग त्या ३० दिवसांच्या ताऱ्याचं काय करायचं? समजा दोन रात्रीच मिळणार आहेत.


वर्णरेषा :

दोन्ही रात्री कमाल वेगांच्या कलांवर, १५ दिवसांच्या अंतराने, अवरक्त वर्णपट, २ मायक्रॉनजवळ. त्रिकूटाची पळवाट आधी बंद. दृश्य प्रकाशातल्या जुन्या वर्णपटांवर कृत्रिम जोडीदाराची चाचणी त्याच दरम्यान घरबसल्या होते.


दीर्घवर्तुळ :

क्रम किंचित बदलेन. आधी गायाच्या यादीत त्याची कक्षा आहे का ते पाहा, त्याला एकही रात्र लागत नाही. कल ६० च्या वर निघाला तर ०.९ ते १.१, म्हणजे बहुधा श्वेतबटू, मग अतिनील बघा. ४५ च्या आसपास निघाला तर १.५. तिथे श्वेतबटूची १.४४ ची मर्यादा ओलांडली जाते, पण मुख्य ताऱ्याच्या वस्तुमानातली १५ टक्क्यांची चूक ती पुन्हा खाली आणू शकते. त्या परिस्थितीत दोन्ही रात्री मुख्य ताऱ्याचं गुरुत्व आणि त्रिज्या पक्की करण्यात घालवाव्यात.


वर्णरेषा :

मान्य. कल ४५ असेल तर माझ्या दोन रात्री चुकीच्या जागी गेल्या असत्या. फक्त एक भर: ३० दिवसांची कक्षा वर्तुळाकार आहे हेही तपासा. थोड्या निरीक्षणांतून खरी शून्य उत्केंद्रतासुद्धा ०.०३-०.०५ अशी दिसते, ही लुसी आणि स्वीनी यांनी १९७१ मध्ये दाखवलेली त्रुटी. पण ती खरोखर ०.२ असेल तर त्रिकूटाची शक्यता कमी करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा लागेल, आणि शून्य असेल तर जोडीदाराने कधीतरी फुगून आवरण टाकलं असण्याला, म्हणजे श्वेतबटूला, बळ मिळतं.